चार हजार वर्षांचा पट

योथामाचं नाव लिहिताना माझा कुंचला थांबला.

ओसरीवर मांजरपाटाचं लांबलचक कापड पसरलं होतं. त्याच्या एका टोकाला आदाम होता आणि दुसऱ्या टोकाला येशूच्या जन्माचा बेथलेहेमचा गोठा. जुना पट गावोगावच्या सभांत टांगून आणि एस.टी.च्या टपावरून नेऊन विरला होता, म्हणून बाबांनी नवीन करायला घेतला होता. माझं अक्षर बरं, त्यामुळं काम माझ्याकडं आलं. बाबा खुर्चीत बसून जुन्या पटावरून सांगत होते. राजा कोण, त्यानं किती वर्षं राज्य केलं, बेरीज कुठवर आली. मी लिहीत होते. नावांचं शुद्धलेखन चुकू नये म्हणून पवित्र शास्त्र माझ्या मांडीवर उघडं होतं.

मी विचारलं, "बाबा, हा उज्जीया राजा कोडी झाला होता ना?"

"झाला होता. मंदिरात नको ते धाडस केलं त्यानं."

"मग तो वेगळ्या घरात राहिला आणि कारभार मुलानं पाहिला, असं इथं आहे. म्हणजे बाप जिवंत असतानाच योथाम गादीवर होता."

"हं."

"मग ती वर्षं आपण बापाच्या नावावरही धरलीत आणि मुलाच्याही."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "जुन्यावर जे आहे तेच नव्यावर लिही, दीना." मी लिहिलं. माझ्यापेक्षा शास्त्र त्यांना जास्त कळतं, त्यांनी काहीतरी विचार करूनच धरलं असेल, असं मला वाटलं. पण त्या दिवशी ते दुपारचं जेवले नाहीत, एवढं मात्र माझ्या ध्यानात राहिलं.

माझे वडील शांतवन हिवाळे आमच्या गावच्या मिशन शाळेत गणित शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी पट हाती घेतला. ते पाळक नव्हते, पण आसपासच्या तालुक्यांत अशी एक ख्रिस्ती मंडळी नव्हती जिथं हिवाळे गुरुजींचा पट लागला नाही. मंडपात पट टांगायचा, हातात वेताची छडी घ्यायची आणि आदामापासून सुरुवात करायची. कोण कितव्या वर्षी बाप झाला, जलप्रलय कधी, इस्राएली लोकांची मिसर देशातून सुटका कधी, मंदिराचा पाया कधी. मग राजांची रांग, मग बाबेलचा बंदिवास, मग दानीएल संदेष्ट्यानं सांगितलेली वर्षांची सत्तर सप्तकं. बेरीज वाढत वाढत गोठ्यापाशी पोचली की छडी तिथं टेकवून ते आकडा वाचायला सांगत. मंडप एका आवाजात म्हणे, "चार हजार." ना एक कमी, ना एक जास्त. मग बाबा हळू आवाजात विचारत, "जो देव वर्षं चुकत नाही, तो तुमची हाक चुकवील का?" त्या प्रश्नाला म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत. मी ते किती वेळा ऐकलं असेल सांगता येत नाही, पण दर वेळी माझ्याही अंगावर काटा यायचा.

त्याच प्रश्नानं अनंत कुलथे आमच्याकडं आला.

तो पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता. कालव्याच्या कामावर नेमणूक झाली म्हणून आमच्या गावाबाहेरच्या वसाहतीत राहत होता. घर पैठणकडचं. वडील मार्तंडराव नावाजलेले सोनार. अनंत पहिल्यांदा सभेला आला तो नुसता गंमत बघायला. दुसऱ्या दिवशी मात्र तो ओसरीवर हजर झाला आणि बाबांना म्हणाला की मला ही बेरीज पहिल्यापासून करून बघायची आहे. त्यानंतर कित्येक महिने तो संध्याकाळी कामावरून सुटला की आमच्याकडं येई. बाबा शास्त्रातल्या जागा दाखवत, तो आकडे मांडी. आमच्या घरी ऐकीव सगळं खूप आहे, तो म्हणायचा, पण फळ्यावर मांडून दाखवणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज असे ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

वर्षभरात अनंतनं बाप्तिस्मा घेतला. नदीच्या डोहात पाळकसाहेबांबरोबर बाबाही उतरले होते. पैठणला कळलं तेव्हा मार्तंडरावांनी एका नातेवाइकाकरवी निरोप धाडला, की या घराचा उंबरा आता ओलांडायचा नाही. अनंत त्या दिवशी आमच्याकडं जेवला. ताटातला घास हातात धरून तो म्हणाला, "खरं असेल ते धरायचं, असं माझ्या वडिलांनीच मला शिकवलंय. त्यांना एक दिवस पट दाखवायचाय."

पुढं दोन-तीन वर्षांनी त्याची न् माझी सोयरीक ठरली. ती कुणी ठरवली असं नाही. सगळ्यांना दिसतच होती. पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, लग्न करायचं, असं बाबा आणि पाळकसाहेब बोलले. आणि त्याच सुमारास अनंतनं धाडस करून वडिलांना निरोप पाठवला, की सणाआधीच्या सभेला या. माझ्या घरी उतरा. मी कशासाठी गेलो ते एकदा डोळ्यांनी बघा. मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

मार्तंडराव येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले.

सभा दुपारची होती. आम्ही राहत होतो त्या मिशन कंपाउंडातल्या चिंचेखाली मंडप घातला होता. नवा पट पांढराशुभ्र दिसत होता आणि माझं अक्षर लांबून वाचता येत होतं, त्याचा मला मनातून आनंद होता. पहिल्या रांगेत खुर्च्या टाकल्या होत्या. अनंतनं वडिलांना तिथं आणून बसवलं. ठेंगणे, गोरे, काळी टोपी, धोतर, हातात छत्री. आजूबाजूच्या लोकांनी सलाम केला तर त्यांनी नीट हात जोडले. अनंत त्यांच्या शेजारी बसला तो एखाद्या परीक्षेचा निकाल ऐकायला बसावा तसा, हात मांडीवर ठेवून. मी बायकांच्या बाजूला होते. एकदा त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हसला.

बाबांनी सुरुवात केली. आदाम, शेथ, नोहा. आवाज नेहमीचा. अब्राहाम, मिसर, समुद्र. लोक पाठ असलेल्या गोष्टीसारखं पुढचं पुढचं ओठांतल्या ओठांत म्हणत होते. मार्तंडराव मात्र पुढं वाकून एकटक बघत होते. सोनं तोलताना काट्यावर नजर ठेवायची जन्माची सवय, तीच नजर त्यांनी पटाला लावली होती. तीत राग नव्हता, थट्टा नव्हती. माणूस खरंच समजून घ्यायला आला होता.

राजांची रांग सुरू झाली. छडी एकेका नावावरून पुढं सरकत होती. उज्जीयावर आली, तिथून योथामावर आली आणि तिथंच राहिली.

आधी वाटलं, बाबांना ठसका आलाय. कुणीतरी पाणी पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही. ते मार्तंडरावांकडं बघत होते. मग छडी खाली आणून त्यांनी टेबलावर ठेवली.

"इथं चूक आहे," बाबा म्हणाले. "या राजाची काही वर्षं त्याच्या बापाच्या वर्षांतच येतात. ती मी दोनदा धरली आहेत. ती काढली तर बेरीज चार हजार होत नाही."

त्यांनी योथामाच्या नावावर बोट ठेवलं.

"शास्त्रात चूक नाही. चूक माझ्या बेरजेत आहे. मला आकडा भरलेला हवा होता, म्हणून मी तो भरला." एवढं बोलून ते खाली बसले.

पाळकसाहेब लगबगीनं उठले. त्यांनी प्रसंग सावरला. म्हणाले, इतक्या लोकांपुढं आपली चूक कबूल करायला केवढं मन लागतं, हीच खरी साक्ष, गुरुजींनी आज आपल्याला पटापेक्षा मोठा धडा दिला. लोक माना डोलवू लागले. एक म्हातारी उठून बाबांच्या हाताचा मुका घ्यायला गेली. माझा ऊर भरून आला. मी दाखवलेली चूक बाबांनी मानली होती, तीही अशा ठिकाणी, असं मला वाटत होतं.

अनंत मात्र उठून मंडपाबाहेर चालला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

गर्दी पांगल्यावर मार्तंडराव बाबांपाशी आले. छत्री काखेत धरून त्यांनी आधी नमस्कार केला.

"मास्तर, मला तुमच्या धर्मातलं कळत नाही," ते म्हणाले. "माझा मुलगा या हिशेबावर माझ्या घरातून गेला. हिशेब चुकला असं तुम्हीच आज म्हणालात. तर आता माझा मुलगा मला परत द्या."

आवाज चढवून नाही, एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ते बोलले. बाबांनी मान खाली घातली. मार्तंडराव वसाहतीच्या रस्त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, माझ्याबरोबर चल. आम्ही कालव्याच्या कडेनं चालत गेलो. मी त्यांना धीर द्यायला काहीबाही बोलत होते. लोकांना किती बरं वाटलं, पाळकसाहेब काय म्हणाले, अनंतही समजून घेईल. बाबा खाली बघत चालत होते. वसाहत दिसायला लागल्यावर ते एवढंच म्हणाले, "तू असलीस तर मी अर्धवट बोलणार नाही, म्हणून तुला आणलं."

मला त्याचा अर्थ कळला नाही.

अनंत खोलीत खाटेवर बसला होता. मार्तंडराव कोपऱ्यात स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत होते. अनंतनं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. डोळे सुजले होते, पण बोलणं शांत होतं.

"गुरुजी, मी काल उठून गेलो त्याचा राग मानू नका. वडिलांच्या तोंडाकडं बघवेना. चूक कुणाकडूनही होते. मीही ती बेरीज केली होती, माझ्याही ध्यानात आली नाही." मग त्यानं विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आली?"

मी सांगायला तोंड उघडलं, की गेल्या महिन्यात, पट रंगवताना. बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुझा बाप्तिस्मा झाला त्याच्या आधी," ते म्हणाले.



"आधी म्हणजे?"

"त्या पावसाळ्यात. तू राजांपर्यंत आला होतास. रात्री मी पुढच्या जागा काढून ठेवत होतो, तेव्हा दिसलं. दुसऱ्या दिवशी त्या दोन राजांचे आकडे मी तुला तोंडी सांगितले. जागा उघडून दाखवली नाही."

  ओसरीवर चष्मा पुसणारे बाबा मला आठवले आणि माझे कान तापले.

"माहीत असून मला पाण्यात उतरवलंत?"

"होय."

"का?"

"तू निघून जाशील अशी भीती वाटली. तू आकड्याकडं बघून आला होतास. आकडा मोडला की तू जाशील."

"आणि देव?" अनंत म्हणाला. "त्याला मला धरून ठेवता आलं नसतं?"

बाबांनी चष्मा काढून हातात धरला. "त्याची योजना पक्की आहे असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो," ते म्हणाले. "पण तुझ्यापुरता मी त्याच्यावर भरवसा टाकला नाही. मला आकडाच जास्त भरवशाचा वाटला."

मार्तंडरावांनी स्टोव्ह बंद केला. आधण तसंच राहिलं.

अनंतनं माझ्याकडं पाहून विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी म्हणाले, चूक महिन्यापूर्वी दिसली, पण बाबांना ती आधीपासून माहीत होती हे आत्ता कळतंय. त्यानं मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास बसला, हे मला दिसलं. पण त्याची नजर माझ्यावरून निघाली ती परत आली नाही. बाबांची मुलगी म्हणूनच त्यानं मला पहिल्यांदा पाहिलं होतं, तेव्हा आता दुसरं काय व्हायचं होतं.

परत येताना बाबा माझ्या पुढं चालत होते. त्यांच्या शेजारी चालावं असं मला वाटेना. रस्त्यात ओळखीचे दोघं-तिघं भेटले. कालच्या गोष्टीचं कौतुक करत त्यांनी बाबांना सलाम केला. बाबा एकेकाला थांबवून म्हणाले, "मला ते आधीपासून माहीत होतं." लोकांना नीट कळेना. ते हसून पुढं जात. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी.

पुढच्या रविवारी त्यांनी मंडळीपुढं सगळं सांगितलं. या वेळी कुणी हाताचा मुका घ्यायला आलं नाही. काहींना राग आला, बऱ्याच जणांना नुसतं अवघडल्यासारखं झालं. उपासनेनंतर बायका माझ्याशी हवापाण्याचं बोलल्या. बाबांनी उपदेश सोडला, पुढच्या बाकावरची जागा सोडली, दाराजवळ बसायला लागले. चारचौघांत त्यांनी तोंडानं प्रार्थनाही केली नाही. घरी जेवायला बसलो की ते माझ्याकडं बघत आणि मी देवाचे आभार मानत असे.

अनंतनं बदली मागून घेतली आणि तो नांदेडकडं गेला. जाण्याआधी तो आमच्याकडं आला नाही. पाळकसाहेबांकडून सोयरीक मोडल्याचा निरोप आला, तोही नीट, कुणाला बोल न लावता. मी शाळेत शिकवत होते, ते शिकवत राहिले.

आता अनंत पैठणला परत गेला असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. एका बाजाराच्या दिवशी मार्तंडराव आमच्या ओसरीसमोर येऊन उभे राहिले तेव्हा कळलं की तो तिकडंही गेलेला नाही.

"मला वाटलं, इथं काही कळलं असेल," ते म्हणाले.

बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसले. मी चहा केला. मार्तंडराव घेतील की नाही अशी मला शंका होती. त्यांनी कप घेतला. बराच वेळ ते कालव्याला पाणी सुटलं का, यंदा ज्वारी कशी आहे, असलं बोलत राहिले. मग एकाएकी म्हणाले, "उंबरा ओलांडू नको म्हणून मी त्याला सांगून धाडलं, मास्तर. निरोप्या वेशीबाहेर गेला नसेल तोवर मला कळलं होतं की हे चुकलं. त्याला हाक मारली असती तर परत आला असता. मारली नाही."

बाबा म्हणाले, "तुम्ही मला बोला. तुमचा अधिकार आहे."

"बोलून झालंय माझं," मार्तंडराव म्हणाले. "आता नुसता बसतो."

तेव्हापासून ते दर बाजाराला यायचे. दोघं म्हातारे ओसरीवर बसत. धर्माचं बोलणं निघत नसे. पटाचं तर नाहीच. कधी कधी तासभर कुणी काहीच बोलत नसे. मला सुरुवातीला ते बघवत नव्हतं. ज्याचा मुलगा आपल्यामुळं गेला त्याच्यासमोर बाबा कसे बसू शकतात, असं वाटायचं. पुढं मला कळलं की दुसऱ्या कुणासमोर त्यांना बसताच येत नव्हतं.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. एका बाजाराच्या दिवशी सकाळीच फाटक वाजलं आणि अनंत आत आला.

तो जाड झाला होता. मिशी ठेवली होती. आधी पैठणला गेला होता, तिथं भावजयीनं सांगितलं की बाजाराच्या दिवशी वडील मिशन कंपाउंडात असतात. त्याला ते खरं वाटलं नव्हतं. दोन्ही म्हातारे एकदम उठून उभे राहिले, शाळेतली मुलं राहतात तसे. दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही. अनंत त्यांच्याकडं बघत अंगणातच थांबला. मग पायऱ्या चढून आधी वडिलांच्या आणि मग बाबांच्या पाया पडला. बाबा मागं सरले. त्यानं त्यांचे पाय धरून ठेवले.

त्याचं लग्न ठरलं होतं. तिकडच्या दवाखान्यातली नर्स होती, मेरी नावाची. तो दोघांना बोलवायला आला होता. हे त्यानं माझ्यासमोर सांगितलं, माझ्याकडं बघून सांगितलं, आणि मी त्याला चांगलं झालं म्हणाले. मग स्वयंपाकघरात जाऊन पिठलं-भाकरी केली. हात भाजला, त्यामुळं डोळ्यांना पाणी आलं तर कारण होतं.

पानं मांडली. चौघं बसलो. आमच्याकडं आभार मानल्याशिवाय घास उचलत नाहीत. सवयीनं बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी माझा आवाज फुटेना. पिठलं निवत चाललं. मार्तंडराव कुणाची तरी वाट बघावी तसे पानावरून हात काढून बसले होते.

तेव्हा अनंतनं डोळे मिटले.

"हे देवा, या अन्नासाठी तुझे उपकार मानतो," तो म्हणाला. मग अडखळला.  "मी दूर जाऊन बघितलं. तू मला सोडलं नाहीस. या दोघा बापांनाही सोडू नकोस."

मार्तंडरावांनी हात जोडले होते. आमेन म्हणायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाबांना ठाऊक होतं, पण त्यांचे ओठ नुसते हलत होते. म्हणून ते मी म्हटलं. अनंतनं भाकरी मोडून पहिला तुकडा बाबांच्या पानात ठेवला. बाबांनी तो घेतला. मान खाली घालूनच ते जेवले, आणि पान स्वच्छ केलं.